घूं थांबलं की काम झालं

८ फेब्रुवारी

साडूभाऊ,

नमस्कार. फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत. मग ताईंनी उचलला आणि म्हणाल्या, की हे हल्ली फोनवर बोलतच नाहीत, फोनमध्ये आवाजाचा चोथा होतो म्हणतात, काय असेल ते पत्राने लिहा. म्हणून लिहायला बसलो. औषधाच्या चिठ्ठ्या सोडून मी बरीच वर्षं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराबद्दलच्या शिव्या आधीच खाऊन ठेवतो.

विषय आमच्या रेकॉर्ड प्लेअरचा आहे. डिसेंबरात तुम्ही आला होतात तेव्हा कपाटामागच्या तारा पाहून 'ही जोडणी आहे की वाळत घातलेले कपडे' असं विचारलंत, बाह्या सरसावल्यात आणि प्लेअर, ॲम्प्लिफायर, दोन्ही स्पीकर सगळं सोडवून नव्याने जोडून दिलंत. मग एक रेकॉर्ड लावलीत, डोळे मिटून तासभर बसलात आणि उठताना म्हणालात, 'आता कसं शांत झालं.'

अडचण अशी आहे की शांत झालेलं नाही. त्या दिवसापासून रेकॉर्ड लावली की मागून एक आवाज येतो. तुम्ही शांत म्हणालात तेव्हा मी, बायको आणि मुलगी, आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि गप्प बसलो. आवाजाच्या बाबतीत तुमच्यापुढे बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. पुढे दोन महिने आम्ही असंच धरून चाललो, की उंची यंत्रं अशीच वाजत असतील, आपल्याच कानांना वळण नाही. कुणी विचारलं तर मी सांगायचो की ही त्या यंत्राची ऊब आहे. परवा एक शिंपी दाढ दाखवायला आला होता. दवाखान्याला लागूनच आमची बैठकीची खोली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तोंड उघडायच्या आधी तो म्हणाला, 'डॉक्टर, तुमची पाण्याची मोटर चालू राहिलीय.' तेव्हा मला शंका आली.

इथला जुना दुरुस्तीवाला दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला. दुसरा आहे, तो मोबाइलच्या काचा बदलतो आणि रेकॉर्ड म्हटल्यावर मला पोलिसातला समजला. तेव्हा हे काम मी स्वतःच शिकायचं ठरवलं आहे. नव्या सभागृहाच्या कामात तुम्ही गळ्यापर्यंत बुडालेले असणार. जुन्या नाट्यगृहाचा आवाज सांभाळत त्या कोंदट खोलीत सगळी नोकरी काढल्यावर, निवृत्तीनंतर बोलावून एवढी मोठी जागा हातात दिली, हा तुमचा मानच आहे. तरी सवडीने दोन ओळी लिहा.

तुमचा,
धाकटा साडू

१४ फेब्रुवारी

दंतवैद्य महाराज,

पत्र मिळालं. वाचून घ्यायला औषधाच्या दुकानात न्यावं लागलं.

'एक आवाज येतो.' याला तुम्ही वर्णन म्हणता? उद्या कुणी तुमच्या खुर्चीत बसून 'तोंडात काहीतरी होतंय' एवढंच सांगितलं तर काय कराल? बत्तीसच्या बत्तीस उपटाल? आपल्या भाषेत आवाजाला नावांची काय कमी आहे? खरखर वेगळी, घरघर वेगळी, चरचर वेगळी. खरखर आली तर बटणात धूळ आहे. चरचर आली तर जोड सैल आहे. फट् वाजलं तर वीज कुठेतरी उडी मारते आहे. आवाजाला नाव देता आलं की निम्मी दुरुस्ती झाली. तुम्ही दोन महिने त्याला ऊब म्हणत बसलात. शिंप्याला कळलं ते तुम्हाला कळलं नाही, यात मला नवल वाटलं नाही.

आता सांगतो तेवढंच करा. बटण रेकॉर्डवरून रेडिओवर फिरवा आणि आवाज राहतो का जातो ते ऐका. पेटी उघडू नका. मागच्या जोडण्यांना तर बोटसुद्धा लावू नका. त्या माझ्या हातच्या आहेत, तिकडे बघायचं काही कारण नाही. दोष असेल तो तुमच्या बाजूचा असेल. उंटावरून शेळ्या हाकायची मला हौस नाही, पण धाकटीने आपल्या ताईकडे रडगाणं गायलं आणि ताईने माझं जेवण कडू केलं, म्हणून लिहितो आहे.

इकडे दोन एप्रिलला उद्घाटन आहे. आठशे खुर्च्या. समितीत एक सिमेंटचा व्यापारी आहे, एक वकील आहे आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका आहे. तिघांना मिळून माइक कुठला आणि स्पीकर कुठला हे सांगता येत नाही. माझ्या बटणांच्या बोर्डाजवळ कुणी फिरकायचं नाही असं मी बजावून ठेवलं आहे. पहिल्याच भाषणाला माइकची शिट्टी वाजली तर माझं आयुष्यभराचं नाव त्या एका शिट्टीत जाईल, आणि ते मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही.

लोभ आहे तेवढाच राहू द्या, वाढवू नका.

तुमचा मोठा साडू

२२ फेब्रुवारी

साडूभाऊ,

तुम्ही पेटी उघडू नका म्हणालात ते पत्र मिळालं तेव्हा एका स्पीकरची पेटी उघडलेली होती. ती दवाखान्यातल्या टेबलावर पालथी पडली होती आणि तिचा एक स्क्रू जमिनीवरून घरंगळत कपाटाखाली गेला होता. तो काढायला दात बघायचा आरसा आणि चिमटा लागला.

झालेलं सगळं सांगतो. मी डाग द्यायचं यंत्र विकत आणलं. दातांत चांदी भरणाऱ्या माणसाला दोन तारा जोडणं काय अवघड, असं मला वाटलं. पहिला डाग टेबलाला लागला, दुसरा माझ्या अंगठ्याला. नंतर मी काय कशाला टेकवलं ते मलाही सांगता येणार नाही, पण अख्ख्या घराचा फ्यूज उडाला. त्या वेळी खुर्चीत एक टपाल खात्यातले गृहस्थ तोंड उघडं ठेवून बसले होते. ते अंधारात तसेच बसून राहिले. बायको दारात येऊन म्हणाली, की भावोजी शांत म्हणाले होते ना, मग शांतच असेल, आता हे घर तरी शांत ठेव. तिच्या बोलण्यात थट्टा होती की श्रद्धा, ते कळलं नाही.

पेटी पुन्हा बंद केली आहे आणि ती आश्चर्यकारकरीत्या चालते. तुम्ही सांगितलेली परीक्षा केली. रेडिओवर आवाज अजिबात नाही. रेकॉर्डवर फिरवलं की लगेच सुरू होतो. सुई मी दात घासायच्या मऊ ब्रशने साफ केली, त्याने गाणं स्वच्छ झालं आणि त्यामागचा आवाजही जास्त स्वच्छ ऐकू येऊ लागला. तुम्ही नाव मागितलंत म्हणून आम्ही तिघांनी बसून नाव शोधलं. मुलीने घरघर सुचवलं, बायकोने भणभण. मी बराच विचार करून गुणगुण ठरवलं आहे. यंत्र सारखं एका सुरात गुणगुणत असतं.

तुमचा,
धाकटा साडू

१ मार्च

डॉक्टर,

गुणगुणतं ते माणूस, तेही आंघोळीला गेल्यावर. यंत्र घुमतं. तुमचा आवाज 'घूं' आहे. बायको आणि मुलगी मूर्खपणात तुमच्या मागे आहेत एवढाच त्यातून बोध घ्या.

रेडिओवर गप्प आणि रेकॉर्डवर घूं, याचा अर्थ शिकाऊ पोरसुद्धा सांगेल: प्लेअरची जमिनीची तार, म्हणजे अर्थिंगची, लागलेली नाही. पण तुमच्या घरी ते शक्य नाही, आणि का शक्य नाही तेही ऐका. अख्ख्या नोकरीची पद्धत फुकट सांगतो आहे. प्लेअरमागून एक बारीक तार येते. ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली दाबायची असते. ती मी नेहमी सगळ्यांत शेवटी लावतो. आधी बाकीचं जोडायचं आणि यंत्र सुरू करायचं. घूं आलं की समजायचं तार राहिली. मग ती लावायची. घूं थांबलं की काम झालं. वाकून वाकून डोळ्यांनी तपासायचं ते ज्याचा कानांवर भरवसा नाही त्याने. तुमच्याकडे मी यंत्र सुरू केलं तेव्हा घूं नव्हतं. त्यानंतर तासभर बसलो तेव्हाही नव्हतं. म्हणजे तार लागलेली आहे. सिद्ध झालं.

राहता राहिले तुमचे कान. दिवसभर ते दात कोरायचं यंत्र कानाशी किंचाळत असतं, त्यावर कुणाचे कान शाबूत राहतील? नाचता येईना अंगण वाकडं. कानाच्या डॉक्टरला दाखवा. लाज वाटायचं काही कारण नाही, तुमच्या धंद्यात ते होणारच. निदान उद्या कुणी हळू आवाजात 'दुखतंय' म्हणालं तर ते तरी तुम्हाला ऐकू येईल.

इथे रोज तालीम आहे. मुख्याध्यापिकाबाई काल मला म्हणाल्या की स्पीकर थोडा 'बोचतो'. मी त्यांना म्हटलं, बोचते ती टाचणी. त्यानंतर त्या बोललेल्या नाहीत.

मोठा साडू

१० मार्च

साडूभाऊ,

तुमची आज्ञा पाळली. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी कानांवर हेडफोन लावले आणि टिंग टिंग आवाज ऐकवले. निकाल असा, की माझे कान माझ्या वयाच्या मानाने फारच चांगले आहेत. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला इथे पाठवलं कुणी? मी सांगितलं, एका तज्ज्ञाने.

घरी आलो आणि तुमच्या सिद्ध झालेल्या तारेकडे बघायचं ठरवलं. कपाट भिंतीपासून हाताएवढंच सुटतं, म्हणून दातांचा आरसा मागे घातला आणि टॉर्च लावला. तार सापडली. टोक व्यवस्थित सोललेलं होतं, पीळ घातलेला होता, तुमच्या हातचं काम होतं यात शंका नाही. फक्त ती कुठेही लागलेली नव्हती. स्क्रूपासून वीतभर खाली लोंबकळत होती. मी ती स्क्रूखाली दाबली. घूं थांबलं.

दोन क्षण मी आनंदात होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी दात सोडून काहीतरी दुरुस्त केलं होतं. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि डोकं फिरलं. तुमच्याच पद्धतीने बोलू. तार लागलेली नव्हती म्हणजे घूं येत होतं. येत होतं म्हणजे तुम्ही ते ऐकलंत. ऐकूनही तासभर डोळे मिटून बसलात आणि आमच्या तोंडावर 'शांत झालं' म्हणालात. हे विसरणं नाही. हे मुद्दाम आहे. तीन अडाणी माणसं काय करतात ते तुम्हाला बघायचं होतं. आम्ही काही बोललो नाही आणि परतीच्या वाटेवर तुम्हाला हसू आवरलं नसेल.

लग्नात तुम्ही माझी ओळख 'हे उपटतात' अशी करून दिलीत, मी हसलो. माझ्या दवाखान्याला तुम्ही न्हाव्याचं दुकान म्हणालात, मी चहा पाजला. पण माझी मुलगी दोन महिने स्वतःच्या कानांवर संशय घेत होती. तिने मला विचारलं, की काकांना शांत वाटतं आणि मला नाही, म्हणजे माझ्यातच दोष आहे का? याचं उत्तर तुम्ही द्या.

धाकटा साडू

१६ मार्च

डॉक्टर,

हो. मुद्दाम केलं.

तिघांतला एक तरी बोलतो का ते बघायचं होतं. दातांच्या डॉक्टराच्या घरात कुणी तोंड उघडत नाही हे कळलं. चेष्टा होती, ती तुम्हाला झेपली नाही. मुलीला सांगा, तिचे कान चांगले आहेत.

विषय संपला. ताईला यातलं काही लिहू नका, तिला चेष्टा कळत नाही. दोन तारखेला यायची तसदी घेऊ नका. मी बोर्डासमोर असेन, मला पाहुण्यांकडे बघायला वेळ नसेल.

२१ मार्च

साडूभाऊ,

तुम्ही खोटं बोलता आहात.

ज्याची दाढ सडलेली असते तो खुर्चीत बसायच्या आधीच सांगतो, की दुखत नाही हो, बायकोने पाठवलं म्हणून आलो. माझा धंदाच त्या माणसांवर चालतो. तुमचं पत्र हातात घेतलं आणि मला ते सगळे आठवले. जो माणूस ओळीवर ओळ शिव्या घातल्याशिवाय पाकीट चिकटवत नाही, त्याने एवढ्या आरोपाला एवढंसं उत्तर दिलं आणि तेही लगेच कबूल होऊन. आणि जो पंख्याची खरखर सहन होईना म्हणून माझ्याच लग्नात भरल्या ताटावरून उठला, तो चेष्टेसाठीसुद्धा तासभर घूं ऐकत बसणार नाही. मुद्दाम करायचं असतं तर तुम्हाला जमलंच नसतं. तुम्हाला ते ऐकू आलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग खाली बसली. फोन, पत्रं, सगळं तिने एकेक आठवलं. कुणाच्या कसं लक्षात आलं नाही, असं ती विचारत होती. मी सांगितलं, सोपं आहे. दुसरा कुणी बहिरा झाला असता तर घरात आठवड्यात कळलं असतं. भावोजींनी आयुष्यात कधी कुणाचं ऐकून घेतलंच नाही, मग फरक कसा कळणार?

मी तुमचं सांत्वन करायला लिहीत नाही. मला तुमची कीव येत नाही, संताप येतो. स्वतःचं ठेवलंत झाकून आणि मला पाठवलंत कानाच्या डॉक्टराकडे. मूर्ख म्हणवून घेण्यापेक्षा माणूस दुष्टपणा पत्करतो हे मला ठाऊक होतं; पण आजारी म्हणवून घेण्यापेक्षाही दुष्टपणा पत्करणारे तुम्ही पहिलेच. दोन तारखेला काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माइकची शिट्टी वाजेल, आठशे माणसं कानांवर हात ठेवतील आणि तुम्ही शांतपणे बोर्डावरच्या काट्यांकडे बघत बसाल. त्या बाई बोचतं म्हणाल्या ते बोचतच असणार. तुम्ही त्यांना टाचणी ऐकवलीत.

तुमच्या हाताखाली जी बाई आहे, जिला तुम्ही ताईंसमोर 'अर्धी भाकरी', म्हणजे अर्धीच भाजलेली, म्हणता, तिला बोर्ड द्या. नाही दिलात तरी मी कुणाला काही सांगणार नाही. पण मी येणार आहे, पत्रिका असो वा नसो. तुम्ही बोर्डासमोर बसलात तर तिथे शेजारी बसेन, खुर्चीत बसलात तर खुर्चीत. कुठे बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

धाकटा साडू

६ एप्रिल

डॉक्टर,

तुमचं पत्र उद्धट होतं. इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच मला सरळ बोललात, आणि ते इतकं वाईट अक्षरात लिहिलंत की चवीने रागावतासुद्धा आलं नाही.

वकिलाला मी सांगितलं की कंबर धरली आहे, बोर्डासमोर तास तास बसणं होणार नाही. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा कंबर बरी. तो सिमेंटवाला लगेच आपल्या कमरेची गोष्ट सांगू लागला. ती मी पूर्ण ऐकली, म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. अर्ध्या भाकरीला बोलावलं आणि म्हटलं, तू बस. ती घाबरली नाही याचा मला राग आला. पुढचं तुम्ही पाहिलंतच. तुम्ही बाराव्या रांगेत माझ्याशेजारी येऊन बसलात, 'कंबर कशी आहे' एवढंच विचारलंत, निदान तुमचे ओठ तसे हलले. पुढे काही बोलला नाहीत. त्याबद्दल आभार मानायची मला सवय नाही.

तुम्हाला एवढं कळलंच आहे तर बाकीचंही घ्या. दोन वर्षं झाली. आधी पाखरं गेली. मग घड्याळ गेलं, मग उकळत्या चहाचा आवाज. ताई स्वयंपाकघरातून बोलते ते मी आधीही ऐकत नव्हतो, त्यामुळे ते कधी गेलं ते सांगता येत नाही. अजून मी रोज सकाळी रेकॉर्ड लावतो आणि तबकडी फिरताना बघतो. ताई चहा आणून ठेवते आणि दार ओढून घेते, मला ऐकताना त्रास नको म्हणून. दार ओढल्यावर मला फार एकटं वाटतं. तुमच्या घरी डोळे मिटून बसलो तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. घूं नाही, म्हणजे जोडणी पहिल्या झटक्यात जमली, हात अजून शाबूत आहे, असं मी स्वतःशी म्हणत होतो.

परवा ताईला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावला आहात. दोन वर्षं तिला तसंच वाटत होतं, आणि तिने विचारलंही नाही. त्या कानाच्या डॉक्टरचा पत्ता पाठवा. ती बरोबर येते आहे.

आता कामाचं लिहितो. समारंभ संपला तेव्हा आठशे माणसं उभी राहिली. मला टाळ्या दिसल्या. त्या भाषणाला होत्या, गाण्याला होत्या की संपलं एकदाचं म्हणून होत्या, ते दिसण्यावरून कळत नाही. समिती म्हणते आवाज उत्तम होता. त्यांना कुकरची शिट्टीही उत्तमच वाटेल. अर्धी भाकरी म्हणते ठीक होता, पण ती स्वतःच्या कामाबद्दल सांगणार. ताईला विचारलं तर ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते आणि मग उत्तर देते. लोकांच्या मताला मी कधी कवडीची किंमत दिली नाही, आणि आता त्याशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्ही माझ्यावर चिडलेले आहात, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवता येतो.

त्या जागेच्या भिंती मी निवडल्या, छत मी निवडलं, प्रत्येक स्पीकर कुठे टांगायचा ते मी शिडीवर चढून दाखवलं. ती जागा कशी वाजते ते मला ठाऊक नाही. मागच्या रांगेत शब्द पोचत होते का, गायिकाबाई गायल्या तेव्हा वरचा सूर फाटला का, दोन गाण्यांच्या मध्ये सभागृह कसं होतं, सगळं लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. मी वाट बघतो आहे.

तुमचा,
मोठा साडू